त्याचं कमिशन नेमकं कुणाला खुपलं?

पत्र:

ताई, नमस्कार. सांगलीतल्या एका लहान खासगी एफएम केंद्राचा मी स्टेशन हेड आहे. सेल्सला चार माणसं होती, आता दोनच उरलीत. सगळ्यात चांगला मुलगा दिवाळीनंतर सोडून गेला आणि होर्डिंगच्या धंद्यात शिरला. त्या हंगामात त्याचा इन्सेन्टिव्ह माझ्या पगाराच्या वर गेला होता. मालकांनी त्याचे दोन मोठे सराफ क्लायंट ‘ऑफिसचे’ करून घेतले आणि स्लॅब, म्हणजे किती विक्रीला किती टक्के कमिशन तो तक्ता, बदलला. आता भरतीची जाहिरात दिली की कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरं येतात आणि दोन-तीन महिन्यांत जातात. पगार १२ हजार. टार्गेट पूर्ण झालं तर ५ टक्के. मालक म्हणतात, पगारच बंद करू, नुसत्या कमिशनवर ठेवू, ज्याच्यात दम असेल तो कमावेल. मला पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. चांगली माणसं आणायची कुठून, त्यांना द्यायचं किती, आणि बॉंड लिहून घ्यावा का?
(विश्रामबागेतले एक वाचक)

उत्तर:

नमस्कार.

माणसं आणायची कुठून, हे तुम्ही शेवटी विचारलंत. ती का येत नाहीत, हे मात्र त्याच्या आधीच लिहून बसलात. सांगली केवढी? सकाळी हरभट रोडवर झालेली गोष्ट दुपारच्या चहाला मिरजेत पोहोचलेली असते. त्यातून जाहिरातवाले म्हणजे पेपरचे, होर्डिंगचे, केबलचे आणि तुमचे, सगळे त्याच वीस-पंचवीस काउंटरांवर एकमेकांच्या मागेपुढे उभे असतात. त्या मुलाचे सराफ काढून घेतले ही बातमी त्या पेढ्यांवरूनच फुटली असणार. त्यानंतर ज्याला खरोखर विकता येतं तो तुमच्या दारात कशाला येईल? ज्याच्या कानावर हे गेलेलं नाही तोच येईल, म्हणजे कालपर्यंत कॉलेजात असलेला पोरगा. नेमके तेच येताहेत.

म्हणून पगाराच्या आकड्यावर यायच्या आधी एक काम करा. त्या मुलाचं दिवाळीतल्या ऑर्डरींचं काही कमिशन अडकलं असेल (तुम्ही लिहिलेलं नाही, पण असं सहसा अडकतंच), तर ते जुन्या स्लॅबने मोजून त्याच्या खात्यावर पाठवा. परत ये म्हणून नव्हे. तो बहुधा येणार नाही, आणि मला विचारलं तर तुमचे मालक वर्षभर कसे वागतात ते बघ आणि मग ठरव, असंच मी त्याला सांगेन. पण पैसे चोख मिळाले हेही तो चार ठिकाणी बोलेल. तुमच्या भरतीच्या जाहिरातीपेक्षा त्या बोलण्याचा उपयोग जास्त.

आता मालकांचं दुखणं. लहान केंद्रांमध्ये हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसू येतं. ऑर्डर आली की ऑफिसात पेढे, आणि पुढच्या महिन्यात कमिशनची शीट समोर आली की कपाळाला आठ्या. “एवढे? ह्याला?” त्यात पोराचा आकडा स्टेशन हेडच्या वर गेला तर विचारूच नका. (तुम्हालाही तेव्हा थोडं लागलं होतं का? तुलना तुम्ही आवर्जून लिहिलीत, म्हणून विचारते.) विक्रीच्या कुठल्याही धंद्यात असं व्हायलाच हवं. विमा विकणारा, ट्रॅक्टर विकणारा, चांगल्या हंगामात साहेबापेक्षा जास्त घरी नेतो. साहेबाला ते चालत नसेल तर त्या ऑफिसात विकणारे टिकत नाहीत, विकल्यासारखं दाखवणारे टिकतात.

मालकांना एक प्रश्न विचारा. मुंबई-पुण्याच्या एजन्सीकडून जाहिरात आली की बिलातून १५ टक्के तिचे जातात. हा दर जाहिरातीच्या धंद्यात इतका मुरलेला आहे की त्यावर कुणी हूं की चूं करत नाही. एजन्सीचा माणूस सांगलीत पाऊल ठेवत नाही, पैसे दोन-दोन, तीन-तीन महिने थकवतो, आणि तरी १५ टक्के राजीखुशीने. आणि जो मुलगा एप्रिलच्या उन्हात मार्केट यार्डात चार वेळा जाऊन हळदीच्या अडत्याला रेडिओवर आणतो, त्याला ५ टक्के देताना टार्गेटची अट!

दुसरी गोष्ट त्यांना हिशेबाने दाखवा. केंद्राचा खर्च बराचसा ठरलेला असतो: ट्रान्समीटर, टॉवर, वीज, आरजेंचे पगार, संगीताची रॉयल्टी. तुम्ही तासाला चार मिनिटं जाहिरात वाजवा नाहीतर दहा मिनिटं, त्यात फारसा फरक पडत नाही. विक्रीबरोबर वाढतं ते मुख्यतः सरकारला द्यायचं वार्षिक शुल्क, साधारणपणे ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के, आणि विकणाऱ्याचं कमिशन. बाकी पैसा केंद्राचाच. शिवाय माल असा की उरवून ठेवता येत नाही. तासगावचा बेदाणा आज भाव नाही म्हणून कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवता येतो. आज सकाळी साडेनऊचा ब्रेक रिकामा गेला तर तो गेला. अशा धंद्यात विकणाऱ्यावर कंजुषी करणं म्हणजे काय, हे मालक स्वतः व्यापारी असतील तर त्यांना जास्त समजावावं लागू नये.

आता ‘नुसतं कमिशन’ या कल्पनेकडे. ज्याच्यात दम आहे तो कमावेल हे ऐकायला मर्दानी वाटतं. पण ज्याच्यात दम आहे त्याला दुसरीकडे पगार मिळतो, मग तो बिनपगारी तुमच्याकडे का येईल? येतील ते दोन प्रकारचे: ज्यांना दुसरीकडे कुणी घेत नाही ते, आणि ज्यांच्याकडे आधीच चार धंदे आहेत व तुमचं व्हिजिटिंग कार्ड पाचवं म्हणून खिशात ठेवतील ते. दुसऱ्या प्रकारातला एखादा जरूर ठेवा. विट्याला किंवा ईश्वरपूरला (पूर्वीचं इस्लामपूर) स्थानिक माणूस कमिशन एजंट म्हणून बरा पडतो. पण केंद्राची विक्री त्याच्यावर उभी राहत नाही.

शिवाय सांगलीचं वर्ष सरळ नसतं. गुढीपाडवा, अक्षय तृतीया, मे-जूनमधले क्लासेस आणि कॉलेजांचे प्रवेश, गणपती, दसरा-दिवाळी, मग लग्नसराई. मध्ये पितृपक्षाचे पंधरा दिवस, त्यात कुणी नव्या कामाला हात घालत नाही. आणि पावसाळ्याचं तर मी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पेठेतल्या दुकानांत पाणी होतं, २०२१ च्या जुलैमध्ये परत. ज्या दुकानदाराचा माल पाण्यात आहे त्याच्याकडे स्पॉटचा, म्हणजे रेडिओवरच्या छोट्या जाहिरातीचा, दर घेऊन कोण जाणार? नुसत्या कमिशनवरच्या माणसाने त्या महिन्यात घर कशावर चालवायचं? एका पुरात तुमची अख्खी टीम दुसऱ्या नोकरीत जाईल, आणि पाणी ओसरल्यावर दुकानं नव्याने उघडताना, म्हणजे ज्या वेळी सगळ्यांनाच ओरडून सांगायचं असतं की आम्ही परत सुरू झालो, त्या वेळी तुमच्याकडे जायला माणूस नसेल.

तेव्हा पगार हवाच, आणि तो घरभाडं व किराणा सुटेल एवढा हवा. १२ हजारांत पेट्रोल स्वतःचं घालून कुणी जतला जाणार नाही; जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या वर होतात. मी आकडे सुचवते, ते तुमच्या दरपत्रकाप्रमाणे हलवा. पगार २० हजार, पेट्रोल किलोमीटरवर वेगळं. कमिशन पहिल्या रुपयापासून, टार्गेटच्या उंबऱ्याशिवाय. नवा क्लायंट आणला तर त्याच्या पहिल्या वर्षाच्या पैशांवर १२ टक्के, दुसऱ्या वर्षापासून ७ टक्के. एजन्सीमार्फत येणाऱ्या ऑर्डरला, जिथे माणसाने फक्त पाठपुरावा केला, २ टक्के. हे सगळं जीएसटी सोडून.

समजा साध्या महिन्यात त्याने अडीच लाख रुपये आणले, त्यातला एक लाख नव्या लोकांचा आणि दीड लाख जुन्यांचा. कमिशन १२,००० अधिक १०,५००, पगार २०,०००, पेट्रोल धरा ४,०००. एकूण ४६,५००, म्हणजे आलेल्या पैशाच्या साडेअठरा टक्क्यांच्या आसपास. मालक इथे खुर्चीतून उठतील. त्यांना बसवा आणि दिवाळीच्या महिन्याचा हिशेब दाखवा. समजा आठ लाख आले, तीन नवे, पाच जुने. कमिशन ३६,००० आणि ३५,०००, पगार-पेट्रोल तेवढंच. एकूण ९५,०००. पोराच्या हातात लाखाच्या जवळ रक्कम बघून छातीत कळ येईल, पण टक्केवारी काढा: १२ टक्क्यांच्या आत. ज्या महिन्यात तो सगळ्यात जास्त कमावतो, त्याच महिन्यात तो तुम्हाला सगळ्यात स्वस्त पडतो. आणि त्या १२ हजारवाल्या नव्या पोराचाही हिशेब मांडा. तो महिन्याला ४० हजार आणत असेल तर ३० टक्के खर्च झाला, वर तीन महिन्यांनी त्याच्याबरोबर ओळखीही गेल्या.

तुमच्या मालकांनी नेमका दिवाळीनंतर स्लॅब बदलला. म्हणजे सर्वांत स्वस्त माणूस महाग वाटला म्हणून घालवला.

नव्या माणसाला पहिले सहा महिने कमिशनची किमान हमी द्या, समजा महिना ८ हजार, आणि ती नंतर कापून घेऊ नका. रेडिओचा क्लायंट पहिल्या भेटीत होत नाही. पेपरची जाहिरात दुकानदार सकाळी हातात धरून शेजाऱ्याला दाखवतो, होर्डिंगखाली उभं राहून फोटो काढतो. रेडिओचं त्याला काहीच दाखवता येत नाही. त्यात श्रोते मोजायची जी रॅम पद्धत होती ती मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार महानगरांपुरती. सांगलीत किती लोक ऐकतात, असं शेठनी विचारलं तर तुमच्या माणसाच्या हातात कागद नाही. तो विश्वासावर विकतो, आणि विश्वास बसायला चार-पाच फेऱ्या लागतात. तेवढे महिने त्याला जगवणं हा तुमचा खर्च आहे, त्याची उचल नव्हे.

वसुलीवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून जरा थांबून लिहिते. मालक म्हणतात पैसे आल्याशिवाय कमिशन नाही. त्यांचंही चुकीचं नाही; बिल काढलं की १८ टक्के जीएसटी केंद्राला भरावाच लागतो, क्लायंटने पैसे देवोत न देवोत. ५० हजारांच्या बिलावर ९ हजार खिशातून गेले आणि क्लायंटचा फोन बंद, असं होतं. पण उलट बाजू अशी की उधारी किती द्यायची हे बहुतेक वेळा मालकच ठरवतात, “अण्णा आपलेच आहेत, देतील सावकाश,” आणि अण्णांनी दिले नाहीत की कमिशन मात्र पोराचं थांबतं. माझा तोडगा: स्पॉट वाजून बिल निघालं की निम्मं कमिशन, पैसे जमा झाले की उरलेलं निम्मं. १२० दिवसांत पैसे आले नाहीत तर पहिलं निम्मं पुढच्या हिशेबात वळतं करा, पण उधारी मालकांच्या सांगण्यावरून दिली असेल तर नाही. आणि ६० दिवसांनंतर वसुलीचे फोन अकाउंट्समधल्या माणसाने करावेत. विकणाऱ्यालाच वसुलीला पिटाळलं की तो त्या गल्लीतून जायचंच टाळतो, आणि त्या गल्लीत आणखी दहा दुकानं असतात.

बार्टर, म्हणजे जाहिरातीच्या बदल्यात पैशांऐवजी वस्तू घेणं. हॉटेलची कुपनं, फर्निचर, शोरूमची स्कूटर. सोफा मालकांच्या घरी जातो आणि कमिशन म्हणून सेल्सवाल्याला दोन जेवणांची कुपनं मिळतात, हे मी ऐकीव सांगत नाहीये. मालकांनी ज्या किमतीला वस्तू स्वीकारली, त्या किमतीवर कमिशन रोख. ते परवडत नसेल तर बार्टर घेऊ नका.

क्लायंट ‘ऑफिसचे’ करायचे नाहीत, हे नेमणूकपत्रात लिहून द्या. कुणाकडे कुठला भाग, कुठले क्लायंट, हे वर्षाच्या सुरुवातीला कागदावर. वर्ष संपेपर्यंत बदल नाही, आणि बदललाच तर पुढचे सहा महिने त्या क्लायंटचं कमिशन जुन्या माणसाला. कमाल मर्यादाही नको. टार्गेट ठेवायचं असेल तर ते बोनससाठी ठेवा, आणि वर्षाचा आकडा बाराने भागून नव्हे. मागच्या दोन-तीन वर्षांची बिलं काढा, कुठल्या महिन्यात किती पडतं ते बघा आणि तसं वाटा. भाद्रपदाच्या उत्तरार्धात आणि आश्विनात सारखंच टार्गेट लावणारा माणूस कधी पेठेत फिरलेला नसतो.

एक अट मात्र तुमच्या बाजूने घाला. दर पाडून विकणाऱ्याला पूर्ण कमिशन नको. दहा सेकंदांचा तुमचा जो किमान दर असेल त्याच्या खाली गेला तर कमिशन निम्मं, आणि फुकटचे बोनस स्पॉट तुमच्या सहीशिवाय नाहीत. कमिशनच्या नादात एकदा दर घसरला की लक्ष्मी मार्केटपासून कुपवाडपर्यंत सगळ्यांना तो कळतो.

आता माणसं. दुसऱ्या केंद्रातला तयार माणूस फोडायचा मोह सोडा. तो महागात येतो आणि बहुतेकदा तेच क्लायंट घेऊन येतो जे तुमच्याकडेही आहेत. मी असते तर आधी मिरजेत गेले असते. तिथे हॉस्पिटलं आहेत म्हणून औषध कंपन्यांचे एमआर आहेत, आणि एमआर म्हणजे रोज दहा दारं, बाहेर दोन तास ताटकळणं, आत दोन मिनिटं, आणि संध्याकाळी रिपोर्ट. नकाराची त्याला सवय असते. तीन-चार वर्षांनी ज्यांना बदल्यांचा कंटाळा येतो, घर सांगली-मिरजेतच हवं असतं, असे बरेच असतात. वर त्यांना हेही ठाऊक असतं की डॉक्टरांनी स्वतःची जाहिरात करण्यावर वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांची बंधनं आहेत, त्यामुळे हॉस्पिटलला काय विकता येईल आणि काय नाही हे तुम्हाला शिकवावं लागत नाही.

मग गाडीच्या कर्जांची, विम्याची कामं करणारी मुलं-मुली. मोबाइल आणि एफएमसीजीच्या वितरकांची माणसं, ज्यांना जिल्ह्यातलं प्रत्येक दुकान पाठ असतं. लग्नात, उद्घाटनांत सूत्रसंचालन करणारे. आकाशवाणी सांगलीवर पूर्वी नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केलेले. विष्णुदास भाव्यांच्या गावात हौशी रंगभूमीवर राबणाऱ्यांना तोटा नाही, त्यातले काही उत्तम विकतात, कारण दुकानदारासमोर बसून ते त्याची जाहिरात तिथल्या तिथे वाजवून दाखवू शकतात. म्हसवडची माणदेशी तरंग, जत तालुक्यातली येरळावाणी, अशा सामुदायिक केंद्रांवर घडलेल्या लोकांना गावाकडचा श्रोता कळतो. त्यांच्या चालू कामातून कुणाला ओढू नका, पण ज्यांनी ते सोडलंय त्यांना जरूर विचारा.

बायकांना घ्या, हे वेगळं सांगायला लागू नये, पण तुमच्या चारांत एकही नसावी असा माझा अंदाज आहे. साडीची दुकानं, ब्यूटी पार्लर, बेकऱ्या, शाळा-क्लासेस, यांचे निर्णय कितीतरी ठिकाणी बाईच घेते. बचतगटांचा माल विकून, दारोदार फिरून पैसे वसूल केलेली पस्तिशी-चाळिशीतली बाई तुमच्या एमबीए पोरापेक्षा जास्त टिकेल. तिला संध्याकाळी सातच्या मीटिंगला बसवू नका आणि लांबच्या भागाला एकटीला पाठवू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ.

भरतीच्या जाहिरातीत पगाराचा आकडा छापा. ‘आकर्षक वेतन’ वाचून फक्त ज्याला काहीच मिळत नाही तो आकर्षित होतो. “पगार २० हजार, पेट्रोल वेगळं, कमिशन पहिल्या रुपयापासून, मर्यादा नाही, क्लायंट काढून घेतले जाणार नाहीत.” एवढंच लिहा आणि तुमच्याच वाहिनीवर वाजवा. रेडिओवाल्यांना स्वतःची भरती रेडिओवर करायचं का सुचत नाही, हे मला कधी कळलेलं नाही.

मुलाखतीत “तुमची बलस्थानं सांगा” वगैरे नको. उमेदवाराला एका दिवसाचे पैसे द्या आणि तीन दुकानांत पाठवा, विकायला नव्हे, नुसतं बोलायला. संध्याकाळी विचारा, दुकानदार काय म्हणाले. जो स्वतः काय बोलला तेच सांगत बसतो त्याला चहा पाजून निरोप द्या. जो म्हणतो, “त्यांचा दोन नंबरचा मुलगा आता दुकान बघतो, वडिलांना पेपरच हवा असतो, पण पोराला रेडिओ चालेल, आणि त्यांचा माल पंधरा तारखेला येतो,” त्याला त्याच दिवशी नेमणूकपत्र द्या.

नेमल्यावर पहिल्या पंधरवड्यात त्याला काय काय माहीत हवं? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हा प्रश्न त्याला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारणार. रेडिओच्या जाहिरातीवर जीएसटी १८ टक्के आणि पेपरातल्या जागेवर ५, त्यामुळे सराफाला फरक पडत नाही कारण भरलेला जीएसटी तो स्वतःच्या करातून वजा करून घेतो (क्रेडिट), पण हॉस्पिटलला पडतो, त्यांची सेवाच करमुक्त असल्याने ते १८ टक्के त्यांच्या अंगावर बसतात. हे ज्याला माहीत नाही तो दर सांगून येतो आणि बिल गेल्यावर शिव्या खातो.

आणि तुमच्याकडून त्याला दोन गोष्टी लागतील, त्या पगाराइतक्याच महत्त्वाच्या आहेत. एक, मोठ्या भेटीआधी नमुन्याचा स्पॉट. वीस सेकंदांचा, दुकानाचं नाव घेतलेला, तुमच्या सकाळच्या आरजेच्या आवाजात, मोबाइलवर वाजवायला. दुकानदाराने आपल्या दुकानाचं नाव ऐकलं की अर्धं काम होतं. प्रॉडक्शनवाले कुरकुर करतील, करू द्या. दुसरी, लॉग, म्हणजे कुठला स्पॉट कधी वाजायचा आणि कधी वाजला याची नोंद. विकलेला स्पॉट ठरल्या वेळी वाजला नाही, सकाळचा दुपारी गेला, उद्घाटनाची जाहिरात उद्घाटनानंतर वाजली, तर शिव्या स्पॉटचं वेळापत्रक लावणाऱ्या तुमच्या ट्रॅफिकवाल्याला बसत नाहीत, काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला बसतात. चांगली माणसं पैशांसाठी जेवढी सोडून जातात तेवढीच ह्या अपमानाला कंटाळून जातात. स्पॉट चुकला तर त्याच दिवशी फोन करून बदली स्पॉट द्या, महिन्याच्या बिलाबरोबर प्रसारणाचं प्रमाणपत्र जाऊ द्या.

बॉंडचं थोडक्यात. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या केंद्रात जायचं नाही, अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. तुम्ही खरोखर पैसे खर्चून प्रशिक्षण दिलंत तर त्या खर्चापुरता करार ही वेगळी बाब, पण सांगलीतल्या केंद्रात असं प्रशिक्षण मी तरी पाहिलेलं नाही. नोटीस पिरियड एक महिन्याचा ठेवा, क्लायंटची यादी आणि दर बाहेर द्यायचे नाहीत एवढं लिहून घ्या, बास. उलट तुमच्यावरच काही बंधनं आहेत ती बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं असतं. कमिशन त्या संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येत येत नाही, पण अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेल्या तर वरचा भाग वेतनात धरला जातो. पगार कमी आणि कमिशन जास्त अशी रचना करताना ही ओळ तुमच्या सीएला दाखवा.

हे सगळं मालकांसमोर नेताना तोंडी बोलू नका, तुम्ही बोलायला लागलात की ते फोन घेतील. मागच्या वर्षाची बिलं, एजन्सीला गेलेले १५ टक्के, सोडून गेलेल्या पोरांवर झालेला पगार आणि त्या मुलाने आणलेली वसुली, हे चार आकडे एका कागदावर मांडा. फक्त एका माणसासाठी आणि एका वर्षासाठी परवानगी मागा. त्याला आषाढात कामावर घ्या. तेव्हा दुकानदार निवांत असतात, ओळखी करून घ्यायला वेळ देतात, आणि गणपतीच्या ऑर्डरी सुरू होईपर्यंत त्याला दुकानांची नावं पाठ झालेली असतात. कमिशनच्या करारावर मालकांची सही मात्र त्याच्या पहिल्या दिवसाआधी घ्या, दिवाळीच्या ऑर्डरी यायला लागल्यावर नव्हे.